आघातग्रस्त बालकें आणि त्यांच्या चिकित्सकांची उमेदवारी

१९७६ सालच्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियामध्यें चौचिला नांवाच्या लहानशा गांवीं एक विलक्षण घटना घडली. शाळेची बस २६ मुलांना घेऊन निघाली असतां तीन सशस्त्र इसमांनीं ती वाटेंत अडविली, मुलांना व चालकास दोन बंद गाड्यांत कोंबून कित्येक तास हिंडविलें, आणि शेवटीं दगडाच्या एका खाणींत पुरून ठेवलेल्या मालमोटारीच्या डब्यांत उतरविलें. सुमारें सोळा तासांनंतर चालक आणि मोठीं मुलें यांनीं वरचें झांकण हलवून माती उकरली, आणि सर्वजण जिवंत बाहेर पडले. मुलें घरीं आलीं, आयांनीं त्यांना पोटाशीं धरलें, चालकाचें सर्वत्र कौतुक झालें, आणि प्रकरण मिटलें असें लोकांना वाटलें.

तें मिटलें नव्हतें. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ विदुषींनीं घटनेनंतर सुमारें पांच महिन्यांनीं या मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्या भेटी घेण्यास प्रारंभ केला, आणि चारपांच वर्षांनीं त्यांची पुन्हां पाहणी केली. शरीरानें धडधाकट असलेलें एकही मूल मनानें कोरें सुटलेलें नव्हतें. कोणी बंद गाडी दिसली कीं दचके. कोणास काळोख सोसवत नसे. आपण फार वर्षें जगणार नाहीं असें कांहीं मुलें अगदीं सहज बोलून जात. कित्येक मुलें त्याच प्रसंगाचा खेळ पुनःपुन्हां खेळत. परंतु बालक्रीडेंत जो आनंद आणि जो मोकळेपणा असतो, तो या खेळांत नसे. घडलेला प्रसंग मात्र कोणीच विसरलें नव्हतें. 'लेंकरूं लहान आहे, चार दिवसांत विसरून जाईल,' ही वडील माणसांची सोयीची समजूत येथें पार खोटी ठरली.

असा खेळ पाहून त्यांतील भय ओळखणें, आणि मुलाच्या नकळत त्या खेळाला निराळें वळण देणें, हें काम कोणीं करावयाचें? मानसशास्त्राची पदवी हातीं असली म्हणजे तें साधतें असें नाहीं. किंबहुना डॉक्टरेट मिळाली तरी साधत नाहीं, आणि म्हणूनच अमेरिकेंत डॉक्टरेटनंतरच्या उमेदवारीची प्रथा वाढली.

या प्रथेचें मूळ दुसऱ्या महायुद्धांत आहे. युद्धावरून परत आलेल्या हजारों सैनिकांना मानसोपचारांची गरज होती आणि उपचार करणारीं माणसें थोडीं होतीं. १९४९ सालीं कोलोरॅडोंतील बोल्डर या शहरीं भरलेल्या परिषदेंत असें ठरलें कीं, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ हा एकाच वेळीं संशोधकही असावा आणि उपचारकही असावा. तेव्हांपासून विद्यापीठांतील अध्ययन, प्रबंध आणि रुग्णालयांतील एक वर्षाची पूर्ण वेळ उमेदवारी अशी शिक्षणाची घडण झाली. परवाना देण्याचा अधिकार प्रत्येक संस्थानाचा स्वतंत्र असल्यामुळें नियमही भिन्न आहेत. कॅलिफोर्नियांत एकंदर ३००० तासांचें देखरेखीखालील काम लागतें, आणि त्यांपैकीं निदान १५०० तास डॉक्टरेटनंतरचे असावे लागतात. कांहीं संस्थानांनीं पदवीनंतरच्या तासांची ही अट काढून टाकली आहे. ज्याला बालकांच्या आघातावरच काम करावयाचें आहे, त्याचें मात्र अट नसली तरी एकदोन वर्षांच्या या विशेष उमेदवारीवांचून भागत नाहीं.

प्रौढ सैनिकांच्या निमित्तानें जी सोय झाली, ती बालकांपर्यंत पोंचण्यास बराच काळ लागला. आघातोत्तर विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचींत स्थान मिळालें तें १९८० सालीं. पुढें २००० सालीं काँग्रेसनें कायदा करून बालकांच्या मानसिक आघातासाठीं एक राष्ट्रव्यापी जाळें उभारलें; त्याच्या मध्यवर्ती केंद्राचा कारभार लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ड्यूक विद्यापीठ यांनीं मिळून पाहिला. या जाळ्यांत सामील झालेल्या रुग्णालयांतून व चिकित्सालयांतून नव्या डॉक्टरांना शिकण्याच्या जागा मिळूं लागल्या.

या जागांवर काय शिकवितात, हें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयांत ॲलिसिया लीबरमन यांनीं बालआघाताचा एक अभ्यासक्रम उभारला. त्या जन्मानें पॅराग्वे देशाच्या. शिक्षण प्रथम जेरुसलेम येथें आणि नंतर अमेरिकेंत मेरी एन्सवर्थ यांच्या हाताखालीं झालें. त्यांची आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांची उपचारपद्धति जन्मापासून पांच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीं आहे, आणि तिचें वैशिष्ट्य असें कीं रुग्ण म्हणून एकटें मूल समोर घेतच नाहींत. मूल आणि त्याची आई, किंवा जो कोणी त्याचा सांभाळ करीत असेल तो, अशी जोडी एकत्र बसते. बापानें आईला मारलेलें ज्या तीन वर्षांच्या मुलानें पाहिलें आहे, तें बाहुलीचें डोकें भिंतीवर आपटूं लागलें कीं आई संतापते, किंवा तोंड फिरविते. कारण तिलाही तेंच आठवतें. चिकित्सकानें त्या क्षणीं दोघांच्या मध्यें उभें राहून एकाचें मन दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगावयाचें असतें. या पद्धतीचें बीज सेल्मा फ्रायबर्ग यांच्या १९७५ सालच्या एका प्रसिद्ध निबंधांत आहे. आईबापांच्या स्वतःच्या बालपणांतील न बोललेलीं दुःखें पाळण्याभोंवतीं भुतांसारखीं वावरतात, असें त्यांनीं त्यांत दाखविलें होतें. ही पद्धति शिकण्यास दीड वर्ष लागतें. दोन दिवसांच्या व्याख्यानांनीं ती येत नाहीं हें सांगावयास नकोच.

थोड्या मोठ्या मुलांसाठीं जुडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनीं बसविलेली दुसरी एक पद्धति फार प्रचारांत आहे. तींत मुलाला आधीं श्वास संथ करणें, भावनांना नांवें देणें, नसत्या अपराधाची समजूत तपासून पाहणें हें शिकवितात. मग त्यानें आपल्या तोंडानें घडलेली हकीकत सांगावी, लिहावी किंवा चितारावी, आणि अखेरीस ती आईबापांस ऐकवावी, असा क्रम असतो. बहुधा बारा ते सोळा बैठकींत हें पुरें होतें. नवशिक्या चिकित्सकाची खरी परीक्षा हकीकतीच्या पायरीवर होते. मूल रडेल या धास्तीनें तो ती पायरी पुढें ढकलीत राहतो, आणि आपण मुलावर दया करीत आहों असें स्वतःला समजावतो! अशा वेळीं अनुभवी मार्गदर्शकानें बैठकीचें ध्वनिमुद्रण ऐकून नेमकें तेथें बोट ठेवावें, हाच या उमेदवारीचा मुख्य लाभ होय.

मार्गदर्शकाचें आणखी एक काम आहे. आठवडाभर मारझोडीच्या आणि अत्याचाराच्या कथा ऐकणाऱ्या माणसाला स्वतःलाच वाईट स्वप्नें पडूं लागतात, किंवा उलट त्याचें मन बधिर होतें. दर आठवड्यास ठरलेल्या तासाला बसून याविषयीं बोलणें हा चांगल्या अभ्यासक्रमांत शिक्षणाचाच भाग मानतात. न्यायालयांत साक्ष कशी द्यावी, अत्याचाराचा संशय आल्यास अधिकाऱ्यांस कळविण्याचें कायदेशीर कर्तव्य कसें पार पाडावें, आणि कळविल्यावरही त्या कुटुंबाचा विश्वास कसा टिकवावा, हेंही येथेंच शिकावें लागतें. घरांत स्पॅनिश बोलणाऱ्या आईचें म्हणणें मुलाकडूनच भाषांतर करून घेणें किती घातक आहे, हें पुस्तकांत एका ओळीचें असतें. प्रत्यक्षांत तें पहिल्याच आठवड्यांत पुढें उभें राहतें.

महाराष्ट्राला हा विषय परका नाहीं. मुंबईंत टाटांच्या समाजकार्य विद्यालयानें १९३७ सालींच बालमार्गदर्शनाचें चिकित्सालय उघडलें होतें. १९९३ सालच्या सप्टेंबरमध्यें किल्लारीच्या भूकंपांत मराठवाड्यांतील कितीएक मुलें एका पहाटेंत पोरकीं झालीं, तेव्हां अन्नवस्त्राइतकीच मनाच्या शुश्रूषेची उणीव दिसून आली. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ सालीं झालेल्या कायद्यानें तक्रार करणें सर्वांस बंधनकारक केलें आहे. पण तक्रारीनंतर त्या मुलापाशीं बसणारें शिकलेलें माणूस प्रत्येक तालुक्याला कोठून आणावयाचें? मराठी मुलाचें भय मराठींतच ऐकावें लागतें, आणि त्यासाठीं परदेशांत शिकलेल्यांनाही खेळाचे, दटावणीचे आणि लाडाचे शब्द येथेंच पुन्हां शिकावे लागतात.

अमेरिकेंतील या पद्धतींत एक दोष आहे आणि तो लहान नाहीं. उमेदवारांचें वेतन पूर्ण परवानाधारकांच्या मानानें बरेंच कमी असतें, पुष्कळांच्या डोक्यावर शिक्षणाचें कर्ज असतें, आणि बहुतेक जागा एक किंवा दोनच वर्षांच्या असतात. गरिबांचीं मुलें सार्वजनिक रुग्णालयांत अशाच उमेदवारांच्या वाट्यास येतात. ज्या मुलाचीं जवळचीं माणसें एकामागून एक नाहींशीं झालीं, त्याला मोठ्या कष्टानें विश्वास वाटूं लागावा आणि वर्ष सरतांच तें माणूसही निघून जावें, हा उपचाराच्या नांवाखालीं दुसरा वियोगच म्हणावयाचा. म्हणून अशी जागा शोधणाऱ्या विद्यार्थ्यानें वेतन आणि शहर यांच्याआधीं दोन गोष्टी विचाराव्या: उमेदवारी दोन वर्षांची आहे काय, आणि निरोपाची व्यवस्था काय आहे.

जेथें ही व्यवस्था नीट असते, तेथें निघण्याच्या कांहीं महिने आधीं मुलाला तारीख सांगतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तें स्वतः दर आठवड्यास एक खूण करतें. शेवटल्या कांहीं बैठकींत नवा चिकित्सक जुन्याबरोबर येऊन बसतो, आणि मुलाच्या खेळण्यांची पेटी, त्यावर त्याचें नांव तसेंच ठेवून, त्याच्यादेखत नव्याच्या स्वाधीन केली जाते.