विद्यापीठाने कोणाला उत्तर द्यायचे?

 परिषदेच्या स्वागताध्यक्षाने यजमान गावाची थोरवी गावी असा प्रघात आहे. पुण्याच्या बाबतीत हे काम पुणेकर एरवीही न सांगता करतातच, म्हणून मी शहर सोडून गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात चाललेल्या एका कामाविषयी बोलणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1988 मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ स्थापन केली. ती पदवी देणारी संस्था नाही, देशातल्या सर्व विद्यापीठांसाठीचे ते खगोलशास्त्राचे सामायिक केंद्र आहे. तिच्या विज्ञानप्रसाराकडे पाहिले की माझे एक मत पक्के होत जाते. विज्ञानप्रसाराला आपण ज्ञानदान म्हणतो आणि दान म्हटले की देणाऱ्याच्या सवडीचा प्रश्न येतो. प्रत्यक्षात ते विद्यापीठावरचे समाजाचे देणे आहे, आणि ते फेडायचे तर लोकांच्या प्रश्नाला संशोधकापर्यंत पोहोचायची वाट करून द्यावी लागते.

आयुकाने ही वाट अनेक तऱ्हांनी केली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी प्रात्यक्षिकांसह व्याख्याने सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले शास्त्रज्ञांबरोबर छोटे प्रकल्प करू लागली. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला संस्थेची दारे सर्वांना उघडी राहू लागली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. या साध्या युक्तीत सगळ्या कार्यक्रमाचे मर्म आहे, असे मला वाटते. पुढे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून मुलांसाठी वेगळी इमारत उभी राहिली. सप्तर्षींतल्या ताऱ्याचे आणि पु. लं.चे नाव एकत्र सांधून तिला ‘पुलस्त्य’ म्हणतात. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता 2003 पासून दशकभर होते. टाकाऊ बाटल्या, काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांची खेळणी करता करता मुलांनी स्वतःच नियमापर्यंत पोहोचावे, ही त्यांची रीत. संस्थेला मराठी विनोदी लेखकाच्या कुटुंबाने पैसा दिला आणि कानपूरच्या आयआयटीतून आलेल्या अभियंत्याने कचऱ्यातून प्रयोगशाळा दिली, हे पाहिले की विद्यापीठांच्या निधीटंचाईच्या तक्रारी मी जरा सावधपणेच ऐकतो.

पण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मुलांच्या कार्यक्रमात नाही, कुंडल्यांच्या एका चाचणीत आहे. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणायचे ठरवले. तेव्हा शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रके काढली, ती योग्यच होती. परंतु पत्रक वाचून कोणाचे मत बदलत नाही. 2008 मध्ये नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांनी निराळा मार्ग घेतला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका त्यांनी एकत्र मिसळल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखा, असे ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे पाठवली सत्तावीस जणांनी. प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका होत्या आणि सरासरी यश निघाले 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या, तिची 102 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी यापेक्षा फार वेगळे काही हाती लागले नसते. या प्रयोगात कोणाला मूर्ख ठरवलेले नाही. दावा करणाऱ्याला पुरेशी संधी दिली, नियम आधी सांगितले आणि निकाल सर्वांसमोर ठेवला. रस्त्यावर चालणाऱ्या वादाला विद्यापीठाची पद्धत लावली, ती अशी.

यावर लगेच विचारले जाते की, मग ज्योतिषाचा धंदा कमी झाला का? झाला नाही, हे मान्य करायला हवे. त्यावरून काम फसले असा निष्कर्ष मात्र निघत नाही. लोकांनी काय मानावे हे ठरवणे विद्यापीठाच्या हाती नाही. जे मानले जाते ते तपासता कसे येते, हे उघडपणे दाखवणे त्याच्या हाती आहे आणि तेवढ्यावरच त्याला जोखावे. दुसरा आक्षेप संशोधकांचा असतो. शाळकरी मुलांत रमलो तर संशोधन कधी करायचे? यावर खोडदकडे पाहावे. नारायणगावजवळच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या तीस तबकड्यांना रेडिओ-शांतता लागते आणि तिच्यापायी परिसरातल्या उद्योगांवर मर्यादा येतात. पुणे–नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही तिच्यासाठी बदलण्याची वेळ आली. ही शांतता जुन्नर आणि आंबेगावच्या लोकांच्या खात्यातून खर्च होते. विज्ञान दिनाला दुर्बिणीच्या पायथ्याशी मुलांची प्रदर्शने भरतात, त्याला हौस म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. कंपनांबाबत इतकी हळवी यंत्रणा तिथे बसवायची, तर शेजाऱ्यांशी अबोला धरून चालणारच नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला सहज परतवता येत नाही. हे सगळे नारळीकर किंवा गुप्ता यांच्यासारख्या व्यक्तींवर उभे असते, व्यक्ती गेली की काम विरते, असे म्हणतात. याला पुरावाही आहे. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात राबले, गुप्तांची घडणही तिथलीच. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम राज्य सरकारने 2002 मध्ये एका निर्णयाने बंद केला. इतके नामवंत पाठीशी असूनही तो वाचला नाही. अशा कामाला विद्यापीठांच्या नियमांत स्वतःची पक्की जागा हवी, असे मला त्यावरून वाटते. पण आजही बढतीच्या अर्जात शोधनिबंधांना गुण आहेत. तालुक्याच्या शाळेत वर्षभर प्रयोग करून घेणाऱ्या अध्यापकाचे काम त्यांच्या तुलनेत फुटकळ धरले जाते. स्वागताध्यक्षाने ठराव मांडू नये हा संकेत मी पाळतो. तरीही उद्या दुपारच्या सत्रात विद्यापीठांचे प्रतिनिधी समोरासमोर बसतील, तेव्हा बढतीच्या या नियमाविषयी त्यांनी स्पष्ट बोलावे, अशी विनंती करून मी परिषदाध्यक्षांना भाषणासाठी पाचारण करतो.