जुनी फोर बाय फोर घेताय? आधी मागच्या सीटवर बसा!

जुन्या फोर बाय फोरबद्दल सगळे एकच विचारतात, 'चिखलातून निघेल का?' अरे, जिप्सी, जुनी थार, सफारी, तिन्ही निघतात. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

जिप्सी किंग: 1.3 लिटर पेट्रोल, वजन जेमतेम एक टन. रुतली तरी चार मित्र ढकलून काढतात. पण चारही चाकांना पाटे. प्रत्येक खड्डा थेट कमरेत!

2010 ला आलेली थार सीआरडीई: 2.5 लिटर डिझेल, ताकद भरपूर. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे मात्र पाटेच. त्यात मागची मंडळी बाकावर समोरासमोर. लोणावळ्यापर्यंत मजा, कोल्हापूरपर्यंत शिक्षा.

सफारी 2.2 डायकोर: 140 हॉर्सपॉवर, मागे कॉइल स्प्रिंग. आई-बाबा गावापर्यंत झोपून येतील. पण वजन दोन टनांच्या आसपास. रुतली की ट्रॅक्टरच बोलवा.

माझं मत? घरात एकच गाडी असेल तर सफारी. दुसरी, फक्त भटकंतीला, तर जिप्सी. थार मधली, दोघंच फिरणार असाल तर घ्या.

बघायला जाताना मेकॅनिक न्या. कोकणातली गाडी असेल तर चॅसीचा गंज तपासा. मातीत फोर-लो टाकून बघा. कोरड्या डांबरावर नको, या गाड्यांत सेंटर डिफरन्शियल नसतो, वळताना गिअरिंगवर ताण येतो. आणि 15 वर्षं होत आली असतील तर आरसी नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरा.

सगळ्यात आधी, घरच्यांना मागे बसवून एक चक्कर मारा. भेटू पुढच्या भागात!