गळका नळ आणि उलटे फिरणारे पाणी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



नगर जिल्ह्यात पाण्याचे मोल मी सांगायला नको. अनेक वस्त्यांवर एकाच विहिरीचे पाणी पिकाला, जनावरांना आणि पिण्यालाही लागते. म्हणून गोठ्याजवळच्या गळक्या नळाविषयी आज थोडे बोलू.

नळाखाली एक लिटरचे माप ठेवा. ते दहा मिनिटांत भरले, तर दिवसाला १४४ लिटर पाणी वाया जाते. हे नुकसान डोळ्यांना दिसते. दुसरे दिसत नाही. नळाची रबरी नळी आपण फवारणीच्या पिंपात बुडवतो आणि नेमकी वीज जाते. पाइपातील पाणी विहिरीकडे उतरू लागते व त्या ओढीने पिंपातील औषधही मागे खेचले जाते. ते विहिरीत जाऊ नये म्हणून नळाच्या आधी एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे एन.आर.व्ही., बसवतात.

गळती कोठून आहे, ते आधी पाहा :

१) नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडत असल्यास वायसर झिजलेला असतो. तो बदला. जोर लावून नळ आवळू नका.

२) दांड्याजवळून पाणी येत असल्यास ग्लँडचा नट पान्याने किंचित आवळा. न थांबल्यास आतील दोरी बदला.

३) एन.आर.व्ही.च्या जोडातून पाणी येत असल्यास आटे पुसून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा. गळते म्हणून झडपच काढून टाकू नका. परत बसवताना तिच्यावरील बाण नळाकडे हवा.

आता झडपेची परीक्षा. पंप बंद आणि लाइन रिकामी असताना नळाला नळी जोडा. नळ उघडून नळीचे टोक डोक्याइतके उंच धरा व ती स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा. जोड कोरडे असूनही पाणी खाली उतरले, तर झडप नीट बसत नाही. ती उघडून वाळू, कचरा काढा. रबर फाटले असल्यास ते किंवा झडपच बदला.

पण झडप चांगली असली तरी तिच्या तोंडात वाळूचा खडा कधी अडकेल, याचा नेम नाही. म्हणून नळीचे टोक पिंपाच्या काठापेक्षा वीतभर वर बांधा. मध्ये हवा राहिली की औषध मागे ओढले जात नाही. या उपायाला सुतळीच्या तुकड्यापलीकडे खर्च नाही. पुढच्या फवारणीपूर्वी तेवढे जरूर करा.