ड्रम घेण्याआधी

(अड्याळ येथे बचत गटांच्या एकत्रित सभेत झालेल्या बोलण्याचा हा मजकूर आहे. बोलताना आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



विषयपत्रिकेत माझ्या बोलण्याचं नाव मोठं भारी लिहिलं आहे, "रसायनांची सुरक्षित हाताळणी व साठवण". ते वाचून मागे बसलेली एक ताई हळूच म्हणाली, "आपण धानवाल्या बाया, आपल्याकडं कुठची रसायनं?" म्हणून मी आधी एकच विचारते. ज्यांच्या घरी दोनशे लिटरचा जुना ड्रम आहे, त्यांनी हात वर करा. पत्र्याचा असो की निळ्या प्लास्टिकचा.

बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आले. ज्या ताया हे घरी बसून वाचत आहेत, त्यांनीही सांदवाडीत एक नजर टाकावी.

आता दुसरं विचारते. त्या ड्रममध्ये आधी काय होतं, हे कोणाला माहीत आहे? आता एकही हात वर नाही. माझा विषय हाच आहे.

काही गटांनी मिळून जुने ड्रम एकदम आणायचे, म्हणजे स्वस्त पडतील, असा विचार चालू आहे. उन्हाळ्यात पाणी साठवायला आणि धान-तांदूळ ठेवायला. एकत्र खरेदी करायची ही कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या आड येत नाही. पण कबाड्याकडचा ड्रम कुठून येतो ते ऐका, आणि मग ठराव करा.

आपल्या घरातली फोमची गादी, सोफ्याची उशी, मोटारसायकलची सीट, फ्रिजच्या भिंतीत भरलेला कडक फोम, हे सगळं पॉलियुरेथेन. हा फोम दोन पातळ द्रवांपासून होतो. एकाचं नाव पॉलिऑल. तो मधासारखा घट्ट आणि त्या मानाने गरीब. दुसरा आयसोसायनेट, आणि खोडी सगळी याची. गादीच्या मऊ फोमला टीडीआय नावाचा वापरतात, फ्रिजच्या कडक फोमला एमडीआय नावाचा. दोन्ही एकत्र केले की आंबलेल्या पिठासारखं फुगून वर येतं. मऊ फोम करताना त्यात थोडं पाणीही घालतात. आयसोसायनेट आणि पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच फोमला फुगवतो.

हे मी एवढं काहून सांगून राहिले? कारण हे द्रव कारखान्यात ड्रममधूनच येतात. ड्रम उलटा केला तरी तळाला आणि कडेला थोडं चिकटून राहतं. त्याला आपण रिकामा ड्रम म्हणतो. घरी आणला की आपण पहिलं काम काय करतो? पाणी टाकून खळखळून धुतो, आणि पुष्कळदा झाकण लावून ठेवून देतो. आत आयसोसायनेट राहिलं असेल तर नेमकं हेच करायचं नसतं. पाणी लागलं की वायू होत राहतो. झाकण घट्ट असेल तर त्याला जायला वाट नाही. ड्रम फुगतो, आणि फुटूही शकतो. हे लगेच घडेल असंही नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं. वरून पांढरी कडक खपली धरते, वाटतं वाळलं, पण खपलीखाली द्रव तसाच राहिलेला असू शकतो.

पाणी आणि आयसोसायनेट यांची भेट किती वाईट होऊ शकते हे आपल्या देशानं पाहिलं आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला जे झालं, ते याच घराण्यातल्या मेथिल आयसोसायनेट नावाच्या रसायनामुळं. कीटकनाशकाचा कारखाना होता. सुमारे ४० टन रसायन एका टाकीत साठवलेलं होतं, त्या टाकीत पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारं यंत्र तर काही महिने आधीच बंद केलेलं होतं. आतलं सगळं तापलं, उकळलं आणि वायू वस्तीवर आला. हजारो माणसं गेली. आता घाबरवायचं म्हणून मी दोन्ही एकच आहेत असं सांगणार नाही. भोपाळचं रसायन फोमच्या रसायनापेक्षा खूपच जास्त विषारी होतं आणि चटकन वाफ होणारं होतं. ड्रमच्या तळाशी राहिलेल्या वाटीभर एमडीआयनं गाव मरत नाही. पण साठवणीत पाणी शिरू द्यायचं नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. आणि आपली धुवायची सवय त्याच्या बरोबर उलटी आहे.

दुसरी गोष्ट श्वासाची. आयसोसायनेटची वाफ किंवा बारीक फवारा छातीत गेला तर दमा लागू शकतो. आणि हा दमा साधा नसतो. एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली, की पुढं अगदी थोडासा संपर्क आला तरी छाती भरून येते. पुष्कळदा त्रास कामावर होत नाही, रात्री घरी आल्यावर खोकल्याची उबळ येते, म्हणून कारण कळत नाही. वास घेऊन पारख करू म्हणाल तर तेही जमत नाही. टीडीआयचा वास नाकाला जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते, आणि एमडीआयला तर वास जवळपास नसतोच. "मी हुंगून पाहिला, काही नाही" असं कबाडीवाला सांगेल, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

कोणी म्हणेल, ड्रमवर कवटीचं चित्र नव्हतं. टीडीआयच्या ड्रमवर कवटी असते. एमडीआयच्या ड्रमवर साधारणपणे कवटी नसते, त्यावर माणसाच्या छातीवर चांदणीसारखं चित्र आणि उद्गारचिन्ह असतं. आणि कबाड्याकडे येईपर्यंत लेबल खरडलेलं असतं, नाहीतर वरून निळा रंग मारलेला असतो. मला विचाराल तर ताजा रंग मारलेला जुना ड्रम हीच नको म्हणायची पहिली खूण.

प्लास्टिकच्या ड्रमचं वेगळं आहे. त्यात काय होतं त्यावर सगळं ठरतं. काहींत फळांचा गर येतो, काहींत साबणाचा द्रव, काहींत ॲसिड, काहींत कीटकनाशकाचा कच्चा माल. काही रसायनं प्लास्टिकच्या अंगातच मुरतात. सोडा लावा, राख लावा, उन्हात ठेवा, मुरलेलं निघत नाही, आणि पुढं पाण्यात, तांदळात हळूहळू उतरतं.

सरकारचा नियमही साफ आहे. घातक कचऱ्याबाबतचे २०१६ चे नियम आहेत, त्यात घातक रसायन लागलेले रिकामे ड्रम आणि डबे हे घातक कचऱ्यातच धरले आहेत. कारखान्यानं ते परवानाधारकाकडेच द्यायचे असतात. तिथं आतलं रसायन मारून ड्रम साफ करतात, नाहीतर दाबून चपटा करतात. कीटकनाशकाच्या डब्यांबद्दल तर १९७१ च्या नियमांत लिहिलं आहे की ते परत वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून लांब पुरायचे. आपल्याकडं त्याच डब्यात घासलेट ठेवतात, दूधही नेतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता ज्यांच्या घरी ड्रम आधीच आहे त्यांचं काय? आधी काय होतं हे माहीत नसेल तर पाणी, धान, तांदूळ, आणि जनावराचं पाणीसुद्धा त्यात नको. आत चिकट किंवा पिवळट-तपकिरी काही दिसलं तर पाणी टाकू नका आणि झाकण घट्ट करू नका. पावसाचं पाणी जाणार नाही अशा जागी, मोकळ्या हवेत, लेकरांच्या हाताबाहेर ठेवा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय भंडाऱ्याला आहे, ग्रामसंघाच्या नावानं तिथं अर्ज द्या, एकटीच्या अर्जापेक्षा त्याला वजन असतं. ड्रम फुगलेला दिसला तर जवळ जायचं नाही, खिळा ठोकून हवा काढायला तर मुळीच नाही. घरातल्या बाप्यांना एक जरूर सांगा. ड्रम कापून चूल किंवा पाणी तापवायचा बंब करायचा बेत असेल तर थांबा. गॅस कटरची ज्योत लागली की आत राहिलेल्याची विषारी वाफ होते, कधी भडकाही उडतो.

अंगाला लागलं तर आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, मग साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा. दम लागत असेल तर १०८ ला फोन करा, आणि ड्रमवरचं लेबल शिल्लक असेल तर त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

इथं बसलेल्या कितीतरी जणींची मुलं, मालक नागपूरकडं हिंगणा, बुटीबोरीला कंपनीत जातात. कोणी फोमच्या, पॅनलच्या कामावर असेल तर त्याचे कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका. त्याला विचारा, मोजे आणि बरोबर मास्क मिळतो का. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात बदल झाला आणि कामावरच्या धोक्याची माहिती मालकाकडून मागायचा हक्क कामगाराला मिळाला. कंत्राटी पोरगा हे विचारायला भितो. घरून कोणी सांगितलं तर विचारेल.

गादी आणि उशी शिवायचा धंदा करायचं ज्या गटांच्या मनात आहे, त्यांनी खुशाल करावा. तयार फोम कापून खोळ शिवण्यात हा धोका नाही. दोन द्रव आणून घरीच फोम ओतायचा, असं कोणी व्हिडिओ पाहून म्हणत असेल तर माझं मत सरळ नाही असं आहे. आणि कापलेले तुकडे चुलीत घालायचे नाहीत. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू निघतो, आणि चुलीपुढं बसलेली असते ती आपणच.

सभा उठायच्या आधी एका ताईनं विचारलं, "मग धान कशात ठेवायचं, ते तर सांगा." ठेवा ना, आपल्या बांबूच्या ढोलीत, शेणामातीनं नीट सारवून. नाहीतर पत्र्याची नवी कोठी घ्या. पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याकरताच बनवलेली नवी टाकी. नवं महाग पडतं, हे खरं. पण दहा-वीस जणींनी मिळून एकदम घेतलं तर दुकानदार भाव कमी करतो, आणि गटातून कर्ज घेऊन हप्त्यानं फेडता येतं. जुना ड्रमच हवा असेल तर थेट फळांच्या गराच्या किंवा खाद्यतेलाच्या कारखान्यातून, त्यांच्या बिलावर आत काय होतं हे लिहून घेऊन आणा. बिल देत नसेल तर ड्रम नको.