तालीम, कीर्ती आणि स्वत्व

हिंदुस्थानी रागसंगीताचे शिक्षण अनुकरणापासून सुरू होते आणि गायकाची किंमत मात्र अनुकरण संपल्यावर त्याच्याजवळ काय उरते यावरून ठरते, ही या कलेतील मूळ अडचण आहे. गाणारे, शिकवणारे आणि संगीतावर लिहिणारे जिथे एकत्र जमतात अशा अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणात तिची चर्चा झाली नाही, तर ती अन्यत्र होण्याचा संभव कमीच. तालीम, म्हणजे गुरूसमोर बसून घेतलेले प्रत्यक्ष शिक्षण, हिच्यात शिष्य आधी गुरूचा स्वरलगाव उचलतो, मग त्याची आलापी, त्याच्या सम गाठण्याच्या खुब्या आणि पुष्कळदा त्याच्या लकबीही उचलतो. अशा उचललेल्या गोष्टींना पिढ्यांच्या निवडीतून जी शिस्त येते, तिला घराणे म्हणतात. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात स्वर आणि लय यांपैकी कोणते घराणे कशाकडे किती झुकते याची मांडणी केल्यापासून, घराण्यामागे एक सौंदर्यविषयक भूमिका असते हे मराठी वाचकाला नीट कळू लागले. परंतु ती भूमिका गुरूची आहे की आता शिष्याचीही झाली आहे, हा प्रश्न घराण्याच्या व्याख्येने सुटत नाही. तो प्रत्येक गायकाला स्वतंत्रपणे सोडवावा लागतो, आणि कीर्ती लवकर मिळाली तर बहुधा तो सुटायचाच राहतो.

कुमार गंधर्वांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे, कारण त्यांना कीर्ती मिळाली तीच मुळी नकलेमुळे. बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा ध्वनिमुद्रिकांवरून नामवंत गवयांचे गाणे जसेच्या तसे उचलून मोठमोठ्या सभा जिंकत असे, आणि ‘कुमार गंधर्व’ हे बिरुदही त्याला त्या कोवळ्या वयातच लाभले. असे बालकलाकार कौतुकाच्या भरात वाहून जातात आणि आवाज फुटल्यावर विस्मरणात जातात, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. हा मुलगा त्यातून निभावला, याचे श्रेय काही अंशी मुंबईतील प्रा. बा. र. देवधर यांच्या विद्यालयाला द्यावे लागेल. देवधर स्वतः पलुसकरांच्या परंपरेतले होते. तथापि त्यांची जिज्ञासा एका घराण्यापुरती नव्हती, आणि त्यांच्याकडे निरनिराळ्या परंपरांचे उस्ताद आणि पंडित येत, गात, चर्चा करीत. ज्याला सगळ्यांची नक्कल साधते, त्याने हे सगळे एकमेकांपासून वेगळे का गातात याचा विचार करावा, अशी परिस्थिती तिथे आपोआप निर्माण झाली होती. नक्कल वाईट खरी, पण एकाच गवयाची नक्कल ही अनेकांच्या नकलेपेक्षा अधिक वाईट, कारण तिच्यात तुलनेला वावच राहत नाही.

पुढचा भाग सर्वश्रुत असला तरी त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा भावुकपणे लावला जातो. क्षयरोगामुळे 1948 साली कुमारांना माळव्यातील देवास येथे जाऊन राहावे लागले, आणि गाण्यास बंदी असल्यामुळे सुमारे पाच वर्षे हा गायक केवळ श्रोता होऊन राहिला. या काळात माळवी लोकगीते त्यांच्या कानांवर सतत पडत होती. त्यांतील अनेक धुना मोजक्याच स्वरांत फिरतात, तरीही त्यांत एखाद्या रागाची चाहूल लागते, हे त्यांच्या ध्यानात आले. राग ही लोकधुनेतून विस्तार पावलेली वस्तू आहे, हे त्यांचे पुढील प्रतिपादन या निरीक्षणावर उभे आहे. अशा धुनांतून त्यांनी जे राग घडवले त्यांना धुनउगम राग म्हणतात. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी ही त्यांतील काही नावे असून 1965 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या संग्रहात त्यांच्या स्वतःच्या बंदिशी, म्हणजे तालात बांधलेल्या व रागाचे रूप धारण करणाऱ्या पदरचना, स्वरलिपीसह दिल्या आहेत. आजाराने त्यांना प्रतिभा दिली असे म्हणणे ही निव्वळ काव्यात्म कल्पना झाली. आजाराने त्यांचा श्वास कमी केला आणि त्यांना कीर्तीपासून दूर ठेवले. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. मैफलींचा ओघ चालू राहिला असता, तर ज्या गाण्याला टाळ्या मिळत होत्या ते बदलण्याचे कारण त्यांना कुठून मिळाले असते?

1953 नंतर कुमार पुन्हा गाऊ लागले ते अधू झालेल्या फुप्फुसांच्या बळावर, त्यामुळे दीर्घ दमसासाच्या आलापीऐवजी लहान, टोकदार स्वरवाक्ये आणि त्यांमधील सूचक विराम हे त्यांच्या गायकीचे अंग बनले. शरीराच्या मर्यादेतून गायकीला आकार येण्याचे हे पहिलेच उदाहरण नव्हे. अतिरेकी गाण्यामुळे बसलेला आवाज घेऊन उस्ताद अल्लादिया खाँ यांनी नव्याने घडवलेल्या गायकीतून जयपूर-अत्रौली घराणे उभे राहिले, ही हकीकत जुनी आहे. या दोन्ही उदाहरणांत मर्यादा गायकाची स्वतःची होती आणि तिच्यावरचा तोडगाही त्याचा स्वतःचा होता. यानंतर महाराष्ट्रात धडधाकट फुप्फुसांच्या तरुण गायकांची एक पिढी कुमारांसारखी तुटक स्वरवाक्ये गाऊ लागली, तेव्हा आजार नसताना औषध घेतल्यासारखा तो प्रकार झाला. कुमारांवर परंपरा मोडल्याचा आरोप करणाऱ्यांनी या अनुकरणकर्त्यांवर टीका केली असती, तर तिला अधिक आधार असता. आरोपातील एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो: धुनउगम राग कुमारांच्या शिष्यपरिवाराबाहेर फार थोडे गायक गातात. ते राग त्यांच्या गळ्याशी इतके निगडित होते की त्यांतील राग कुठे संपतो आणि कुमार कुठे सुरू होतात हे इतरांना ठरवणे कठीण जाते.

याच्या उलट टोकाचा, पण तितक्याच सच्च्या वृत्तीचा दाखला केसरबाई केरकर यांचा आहे. गोव्यातील केरी येथे 1892 साली जन्मलेल्या केसरबाईंनी 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांची दीर्घ तालीम घेतली आणि ती पुढे आयुष्यभर जवळजवळ न बदलता गायिली. नवे राग करणे, नवे प्रयोग मांडणे या गोष्टींकडे त्या वळल्या नाहीत; म्हणून त्यांना अनुकरणकर्त्या म्हणण्याचे धाडस मात्र त्यांचे गाणे ऐकलेला कोणी करणार नाही. रागाची बढत, म्हणजे स्वरास्वराने केलेला क्रमबद्ध विस्तार, प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर नव्याने रचली जात आहे असा प्रत्यय त्या देत. कीर्तीशी त्यांनी केलेला व्यवहार तर अभ्यासाचा विषय व्हावा. आकाशवाणीवर गायला त्या राजी नव्हत्या, ध्वनिक्षेपकाविषयी त्यांना अढी होती, धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज शिष्य म्हणून त्यांनी कोणाला फारसे जवळ केले नाही, आणि गळा पुरता थकण्याआधीच त्यांनी जाहीर गाणे थांबवले. यातील काही गोष्टी अहंकारातून आल्या असतील. तथापि आपले गाणे कोणी, कुठे आणि कशा अवस्थेत ऐकावे हा निर्णय गायकाचा आहे, ही भूमिका त्यामागे होती. एवढे करूनही 1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांतील ध्वनितबकडीवर त्यांचा आवाज आहे, तो ‘जात कहाँ हो’ या सुमारे साडेतीन मिनिटांच्या भैरवीचा. अनवट, म्हणजे क्वचित गायिल्या जाणाऱ्या, रागांची प्रदीर्घ मांडणी हे ज्यांचे खरे सामर्थ्य, त्यांची जगभरची ओळख मैफलीच्या शेवटी गायच्या भैरवीवर ठरावी, हा कीर्तीचा स्वभावच म्हणावा लागेल. दुसरे यान उडाल्यानंतर अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबर रोजी, केसरबाई निवर्तल्या.

कुमार आणि केसरबाई एकाच निकषावर कसे टिकतात, असा प्रश्न येथे रास्त ठरतो. नावीन्य हा निकष लावला तर केसरबाई बाद होतात. परंपरानिष्ठा लावली तर कुमार. म्हणून तिसरा निकष सुचवावासा वाटतो: मैफलीत पुढचा स्वर गायक कशाकडे पाहून ठरवतो? समोरच्या रागाकडे पाहून, की श्रोत्यांच्या मनातील आपल्याच जुन्या गाण्याकडे पाहून? फर्माइश, म्हणजे श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवून केलेली मागणी, हे दुसऱ्या प्रकाराचे उघड रूप होय. त्याचे छुपे रूप असे की चिठ्ठी न येताही गायक स्वतःच स्वतःची फर्माइश पुरी करू लागतो. ध्वनिमुद्रणाने ही प्रवृत्ती वाढवली, कारण 78 फेऱ्यांच्या तबकडीवरील तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे श्रोत्याला पाठ झाले की मैफलीतही त्याला नेमके तेच हवे असते. बालगंधर्वांची पदे महाराष्ट्राला अशीच पाठ होती; बालपणी नकलाकार म्हणून गाजलेले कुमार प्रौढ वयात ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम घेऊन आले, तेव्हा नक्कल ऐकायला आलेल्यांची निराशा झाली असणार. मूळ पदाचे वजन आणि वळण त्यांनी राखले, आवाज मात्र स्वतःचा ठेवला.

कीर्ती उशिरा आली, तर या प्रवृत्तीचा धोका कमी होतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांना देशव्यापी मान्यता साठीच्या आसपास मिळाली, आणि तोपर्यंत मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांची तालीम त्यांच्या गळ्यात पुरती मुरली होती. आज दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत दहा-बारा वर्षांच्या मुलांना मूळ गायकाची हुबेहूब हरकत घेतल्याबद्दल गुण मिळतात, आणि चलचित्रफितींमुळे त्या हरकतीसोबत हाताची फेकही उचलली जाते. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ती कुमारांच्या बालपणीच्याच पायरीवर उभी आहेत. त्यांना पुढे कोणाचे विद्यालय मिळणार, हा प्रश्न आहे, आणि तो या सभागृहातील अध्यापकांना उद्देशून आहे.

अध्यापकांना याची सुरुवात परीक्षांपासून करता येईल. संगीताच्या परीक्षांत ठरावीक राग, त्यांतील बंदिशी, इतके आलाप, इतक्या ताना असे मागण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्या तानाही शिक्षकाने लिहून दिलेल्या असतात. वरच्या इयत्तांत विद्यार्थ्याला परिचित रागातील, परंतु त्याला कधीही न शिकवलेली एक बंदिश स्वरलिपीत देऊन, तासाभराच्या विचारानंतर तिची बढत करायला सांगावी. पंडित भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत आणि ‘अनूपरागविलास’मध्ये अशा बंदिशी हव्या तितक्या आहेत. दोन परीक्षकांचे गुण यात जुळणार नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून हा प्रयोग प्रथम एक-दोन केंद्रांवर करून पाहावा, आणि विद्यार्थ्याचे गाणे झाल्यावर परीक्षकांनीही त्याच बंदिशीची स्वतः बढत करून दाखवावी, ही सूचना अधिवेशनाच्या दुपारच्या सत्रात चर्चेसाठी ठेवण्यात येत आहे.