घोडा, ट्रॉली आणि फोर बाय फोर

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो आणि जळगाव, धुळ्याकडून घोडे तिकडे निघतात. बहुतेक पिकअपमध्ये. पण कुणी घोड्यासाठी खास ट्रॉली घेणार असेल, तर तिला ओढणारी गाडी कोणती घ्यायची?

आधी वजन. मारवाडी घोडा साधारण चारशे किलोचा. त्यात ट्रॉलीचं वजन धरा. दोन घोडे असले की भार दीड टनाच्या पुढे जातो. म्हणून चकचकीत बॉडीपेक्षा कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा पाहा. गाडी स्वतः वजनदार हवी. घोडा जिवंत भार आहे, तो पाय बदलतो, मागं सरकतो. हलकी गाडी त्यासरशी डोलते.

चारही चाकांची ताकद लागते ती काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर, नदीकाठच्या गाळात. तिथे फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा खालचा गिअर, टाकून हळू निघा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र साध्या फोर बाय फोरमध्ये टू-व्हील ठेवा, नाहीतर वळणावर गिअरवर ताण येतो.

माझ्या मते खरी परीक्षा ओढण्याची नाही, थांबण्याची आहे. चाळीसगावकडचा कन्नड घाट उतरताना गिअर खालचा हवा आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच. घोडा एकच असेल तर तो ड्रायव्हरच्या बाजूला उभा करा, कारण रस्ता डावीकडे उतरता असतो. जनावरं वाहून नेण्याच्या 1978 च्या नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखलाही निघण्यापूर्वीच घ्या.