‘हल्ली आई फार चिडते’

‘हल्ली आई फार चिडते,’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. आई पंचेचाळिशीच्या आसपास असेल, तर त्याचं कारण स्वभावात नसून शरीरात असू शकतं.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे संप्रेरक सरळ कमी होत नाही, कधी वाढतं तर कधी एकदम घटतं. मन स्थिर ठेवणाऱ्या मेंदूतल्या सेरोटोनिनवर त्याचा परिणाम होतो. त्यात रात्री अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोपमोड होते. मग सकाळी डबे भरताना क्षुल्लक कारणावरून रडू कोसळलं, तर नवल नाही.

थायरॉइडच्या विकारात आणि रक्तक्षयातही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून रक्त तपासून घ्यावं. उदासी दोन आठवडे हटली नाही, जीव नकोसा वाटू लागला, तर ‘वयाचं आहे’ म्हणून अंगावर काढू नका. यावर चांगले उपचार आहेत.

आणि घरच्यांनो, ‘तुला झालंय तरी काय?’ असं दटावण्याऐवजी ‘रात्री झोप लागली का?’ एवढं विचारून पाहा.